इथरनेट आणि ए. टी. एम. : एका निवडीचा इतिहास

एखाद्या संस्थेच्या आवारांतील संगणक एकमेकांस जोडावयाचे तर कोणती पद्धति स्वीकारावी, आणि तें आवार दूरच्या जगास जोडावयाचें तर कोणती, हा प्रश्न आज बहुतेकांस प्रश्न म्हणून सुचतहि नाहीं. परंतु १९९० नंतरच्या दशकांत या एका प्रश्नावर देशोदेशींच्या विद्यापीठांत समित्या बसल्या, मोठमोठ्या रकमा खर्ची पडल्या आणि घेतलेल्या निर्णयांपैकीं पुष्कळ चुकले. चुकणारे लोक अडाणी नव्हते; किंबहुना त्या विषयांतील जाणते म्हणविणारेच अधिक चुकले. असें कां झालें हें येथें पाहावयाचें आहे. आणि चुकणाऱ्यांत प्रस्तुत लेखकहि होता, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

आवार म्हणजे कांहीं एकरांतील इमारती, प्रयोगशाळा व वसतिगृहें. तेथील तारा संस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या असतात. आवाराबाहेर पडलें कीं तार दुसऱ्याची, बहुधा टेलिफोन-खात्याची, आणि तिचें भाडें अंतराप्रमाणें व वेगाप्रमाणें द्यावयाचें. मालकीचा हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढील सर्व हकीकत त्यावरच उभी आहे.

इथरनेटची कल्पना कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन-केंद्रांत, रॉबर्ट मेटकाफ या तरुण संशोधकानें २२ मे १९७३ रोजीं एका टिपणांत मांडली. तेथें 'आल्टो' नांवाचे लहान संगणक तयार होत होते, व ते एकमेकांस आणि लेसर छापयंत्रास जोडावयाचे होते. युक्ति त्यानें उचलली ती हवाई बेटांतून. तेथील विद्यापीठांत नॉर्मन अ‍ॅब्रमसन यांनीं १९७१ मध्यें 'अलोहा' नांवाची बिनतारी योजना चालू केली होती. ज्यास बोलावयाचें त्यानें बोलावें, दोन संदेश एकमेकांवर आदळून बिघडले तर थोडें थांबून पुन्हां पाठवावे, अशी ती सरळ योजना. मेटकाफ व त्याचा सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनीं तींत भर घातली ती अशी कीं, बोलण्यापूर्वीं ऐकावें, आणि टक्कर झालेली कळतांच तत्काळ थांबावें. चावडीवरच्या बोलण्यास कोणी अध्यक्ष नसतो. दुसरा बोलत असेल तर आपण थांबतों. दोघे एकदमच बोलूं लागले तर दोघेहि गप्प बसतात, व क्षणभरानें कोणीतरी एक पुन्हां आरंभ करतो. इथरनेटचा मूळ नियम एवढाच. सर्वांस समाईक अशा तारेस मेटकाफनें नांव दिलें ईथर. मायकेलसन व मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगानंतर ज्या ईथरास पदार्थविज्ञानानें हळूहळू रजा दिली, त्याचें नांव अशा रीतीनें एका तारेच्या रूपानें जिवंत राहिलें, ही मोठी गंमत आहे.

१९८० मध्यें डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनीं मिळून या पद्धतीचे नियम प्रसिद्ध केले. वेग ठरला दर सेकंदास १ कोटि बिट. १९८३ मध्यें आय. ट्रिपल ई. या अभियंत्यांच्या संस्थेनें तें प्रमाण म्हणून मान्य केलें. १९८५ मध्यें आय. बी. एम. नें 'टोकन रिंग' ही अधिक शिस्तीची पद्धति बाजारांत आणली. तींत टोकन वर्तुळांत फिरत राहतें, व तें ज्याच्या हातीं आलें त्यानेंच बोलावयाचें. शिस्त उत्तम, पण सामान महाग.

इथरनेटविषयीं विद्वानांचें मत मात्र कधींच फारसें चांगलें नव्हतें. अलोहाच्या सुधारलेल्या प्रकारांत वाहिनीच्या सामर्थ्यापैकीं फार तर शेंकडा ३७ भाग कामीं येतो, असें गणितानें निघतें. हा आंकडा कोणीतरी इथरनेटास चिकटविला, आणि आम्ही अध्यापक मंडळी तो वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत राहिलों. वस्तुतः १९८८ मध्येंच बॉग्ज, मोगल व केंट यांनीं चालू तारेवर प्रत्यक्ष मोजमापें घेऊन, ही भीति व्यवहारांत निराधार आहे, असें दाखवून दिलें होतें. पण सोपें गणित सुटसुटीत असतें व मोजमापें वाचण्यास कष्ट पडतात.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. ए. टी. एम. म्हटल्याबरोबर वाचकांस बँकेचें पैसे देणारें यंत्र आठवेल. त्याचा येथें कांहीं संबंध नाहीं. हें ए. टी. एम. टेलिफोन-अभियंत्यांचें अपत्य. आवाज, चित्र आणि संगणकाचा मजकूर या तिहींस एकाच जाळ्यांतून न्यावें, आणि ज्यास जेवढा वेग कबूल केला तेवढा त्यास खात्रीनें मिळावा, अशी त्यांची उदात्त योजना होती. त्यासाठीं सर्व मजकुराचे एकाच मापाचे लहान तुकडे करावयाचे. त्यांस 'सेल' म्हणत. तुकडा केवढा असावा यावरून फार मोठा वाद माजला. टेलिफोनचा आवाज दर सेकंदास ६४ हजार बिट या वेगानें अंकांत उतरतो, म्हणजे ३२ बाइटांचा सेल भरावयास ४ मिलिसेकंद व ६४ बाइटांचा भरावयास ८ मिलिसेकंद लागतात. उशीर वाढला कीं बोलणाऱ्यास आपलाच प्रतिध्वनि ऐकूं येतो. फ्रान्स व इतर युरोपीय देश लहान. ३२ चें माप घेतलें तर प्रतिध्वनि मारणाऱ्या यंत्रांवांचून त्यांचें भागत होतें. अमेरिकेस विस्तारामुळें तीं यंत्रें अशींहि लागतच असत, म्हणून तिला ६४ हवे होते. १९८९ मध्यें तडजोड झाली ती बरोबर मधल्या ४८ वर. त्यावर पत्त्याचे ५ बाइट धरून सेल झाला ५३ बाइटांचा. कोणत्याहि अभियंत्यानें स्वेच्छेनें निवडला नसता असा हा आंकडा, आणि त्यामुळें दर सेलांत शेंकडा ९ हून अधिक भाग केवळ पत्त्यावर खर्च होऊं लागला.

तरीहि १९९१ नंतर या पद्धतीचा केवढा बोलबाला झाला! इथरनेटचा वेग १ कोटि बिट, तर हिचा १५ कोटि ५० लक्ष. शिवाय टेबलावरच्या संगणकापासून समुद्रापलीकडच्या तारेपर्यंत एकच भाषा. आवार आणि दूरचा मार्ग यांतील भेदच नाहींसा होणार होता. ज्यांनीं भारतांतील आरंभींचीं जाळीं पाहिलीं आहेत, त्यांस या वचनाची गोडी कळेल. १९८६ सालीं भारत सरकार व संयुक्त राष्ट्रांचा विकास-कार्यक्रम यांच्या साहाय्यानें 'अर्नेट' सुरू झालें. मुंबईचें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व पांच आय. आय. टी. त्यांत होत्या. शहराशहरांमधील भाड्याच्या तारांवर दर सेकंदास ९,६०० बिट मिळाले तरी लोक धन्यता मानीत.

१९९७ सालीं मी ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नवखा अधिव्याख्याता होतों, तेथें आवाराचें जाळें ठरविण्यासाठीं समिति नेमली गेली. मीं ए. टी. एम. चा पुरस्कार केला. माझ्यापाशीं तक्ते होते, शेंकडा ३७ चा आंकडा होता, आणि तरुणपणीं असतो तो आत्मविश्वास होता. विरोध केला तो विद्युत्-विभागाच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांनीं. ते म्हणाले, "अहो, तुमचें सगळें खरें, पण शनिवारीं रात्रीं हें यंत्र बंद पडलें तर गांवांत तें उघडणारा माणूस कोण आहे? आणि वसतिगृहांतले जुने संगणक त्या दिवशींच फेकून द्यावयाचे काय?" मीं उत्तर दिलें, कीं जुने संगणक चालावेत अशी सोय ए. टी. एम. मध्यें आहे. सर हंसले. समितीनें माझ्या बाजूनें मत दिलें व सरांनीं आपला चार ओळींचा विरोध नोंदवून सही केली.

ती सोय काय होती हें सांगण्यासारखें आहे. १९९५ मध्यें ए. टी. एम. च्या पुरस्कर्त्यांनींच अशी व्यवस्था प्रसिद्ध केली, कीं जींत ए. टी. एम. चें जाळें इथरनेटचें सोंग घेतें. म्हणजे जुन्याची जागा घेण्यास आलेल्या नव्या पाहुण्यास जुन्याचेंच पागोटें घालून दारांत उभें राहावें लागलें! हें सोंग वठविण्यास जीं यंत्रें व ज्या रचना लागत, त्या इतक्या किचकट होत्या, कीं आमच्या येथें जाळें बंद पडलें म्हणजे दोष नक्की कोठें आहे हें शोधण्यांत दिवस जात.

याच काळांत इथरनेटचें अंतरंग पालटत होतें. १९९० मध्येंच जाड तारेऐवजीं टेलिफोनसारख्या पिळाच्या तारेस मान्यता मिळाली होती. १९९५ मध्यें वेग दहापट झाला, १९९८ मध्यें शंभरपट. समाईक तारेच्या जागीं स्विच आले, प्रत्येक संगणकास स्वतंत्र मार्ग मिळाला, आणि १९९७ च्या नियमांनीं दोन्ही दिशांस एकाच वेळीं बोलण्याची मुभा दिल्यावर टक्करच उरली नाहीं. मेटकाफच्या मूळ कल्पनेपैकीं चावडी गेली, ऐकून बोलणें गेलें, तारहि गेली. राहिलें काय? तर फ्रेमचा सांचा : लहानांत लहान ६४ बाइट, मोठ्यांत मोठी १,५१८. तो सांचा कायम असल्यामुळें १९८५ चें यंत्र १९९८ च्या यंत्रासमोर बसूं शकलें, आणि संस्थांस एकेक खोली सवडीनें बदलतां आली. ए. टी. एम. नें वेगाची हमी दिली. इथरनेटनें वेग इतका स्वस्त केला, कीं आवारांत हमीची गरजच भासेना.

आवाराबाहेर मात्र निकाल असा लागला नाहीं. तेथें मालक एक, यंत्रें मोजकीं व अनुभवी माणसांच्या हातांतलीं, आणि प्रत्येक बिट महाग. अशा ठिकाणीं मापून वांटणी करणारी पद्धति कामाची ठरते, व तेथें ए. टी. एम. नें पुष्कळ वर्षें इमानानें सेवा केली. भारत संचार निगमानें २००५ च्या आरंभीं घरोघर ब्रॉडबँड द्यावयास सुरुवात केली, तेव्हां मॉडेम बसविणारा माणूस त्यांत ० व ३५ असे दोन आंकडे भरीत असे, ते ए. टी. एम. च्या मार्गाचे क्रमांक होते. संगणकापासून मॉडेमपर्यंत इथरनेट आणि तेथून टेलिफोन-केंद्रापर्यंत ए. टी. एम., असे दोन्ही प्रतिस्पर्धी हातभर लांबीच्या पेटींत नांदत होते, व घरच्या मंडळींस त्याची वार्ताहि नव्हती. पुढें २००२ मध्यें हजारपट वेगाच्या इथरनेटचे नियम झाले, त्यांत दूरच्या टेलिफोन-मार्गांशीं जुळणारा एक प्रकार मुद्दाम ठेवला होता, आणि लांबच्या तारांवरहि सेलांचें राज्य ओसरूं लागलें. पण संदेशास आधींच मार्गाची खूण लावून पाठवावें ही ए. टी. एम. ची मूळ कल्पना टाकाऊ ठरली नाहीं. २००१ मध्यें ठरलेल्या एम. पी. एल. एस. या पद्धतींत ती राहिली, आणि मोठ्या कंपन्यांचीं जाळीं त्या पद्धतीवर चाललीं.

आमचें यंत्र २००३ च्या उन्हाळ्यांत उतरविलें. सरांचें म्हणणें खरें ठरलें असें मी वर्गांत सांगत असतों. परंतु इतिहास म्हणून पाहतां तें पुरतें बरोबर नाहीं. १९९७ मध्यें शंभरपट वेगाचें इथरनेट समित्यांच्या कागदांवरच होतें, आणि तें इतकें स्वस्त होईल हें सरांसहि ठाऊक नव्हतें. त्यांनीं शर्यतीचें भाकीत केलेंच नाहीं. त्यांच्या त्या चार ओळी मीं अलीकडे जुन्या फायलींतून काढून पाहिल्या. त्यांत वेगाचा उल्लेख नाहीं. दुरुस्ती करणारा माणूस गांवांत नाहीं, वसतिगृहांतील संगणक इतक्यांत बदलण्यास पैसा नाहीं, आणि पद्धति कोणतीहि घ्या, पण जमिनींत पुरावयाचा कांचतंतु चांगला घ्या व नळी रुंद ठेवा, एवढेंच लिहिलें आहे. ही शेवटची सूचना समितीनें मान्य केली होती. यंत्र उतरविल्यावर नवे इथरनेटचे स्विच त्याच कांचतंतूवर जोडले गेले.