बाळंतीण आणि बराकी

शूर पुत्राच्या मातेचे गुणगान आपण सारेच करतो. परंतु सैनिकच माता झाली तर? अमेरिकेत १९५१ साली अध्यक्ष ट्रूमन यांच्या आदेशाने गरोदर स्त्रीला सैन्यातून काढून टाकण्याची मुभा मिळाली. १९७५ साली ही सक्तीची बडतर्फी थांबली. नोकरी टिकली, पण पुढे धावण्याची परीक्षा आणि वजनाचा काटा उभाच होता. प्रसूतीत ताणलेले पोटाचे व ओटीपोटाचे स्नायू हुकूम ऐकून पूर्ववत होत नाहीत. पूर्वी भूदलात यासाठी १८० दिवसांची सवलत असे. २०२२ च्या निर्देशाने ती ३६५ दिवस झाली. पहिल्या न्यायाला २४ वर्षे लागली, दुसऱ्याला आणखी ४७. कायदा बदलला, तरी शरीराचे म्हणणे ऐकायला शासनाला किती उशीर लागतो, हे आपण यावरून ओळखावे.