पांच डॉलरचा दिवस

मनुष्य जें काम करून पोट भरतो, त्या कामांत त्यास आनंद वाटतो कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं घरगुती वाटतो. संध्याकाळीं कचेरींतून परत आलेल्या गृहस्थास घरच्या माणसांनीं तो विचारावा आणि त्यानें हंसून टाळावा, अशांतलाच तो आहे. इतिहासकारांनींहि त्याकडे फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. मजुरीचे दर, कामाचे तास, संप आणि कायदे यांची नोंद दप्तरांत सांपडते. परंतु काम करतांना करणाराच्या मनास काय वाटत होतें, याची वही कोणी ठेवीत नाहीं. तथापि एके ठिकाणीं असें घडलें कीं, मजुरांच्या मनांतील अप्रीति मालकाच्या हिशेबांत आंकड्यांच्या रूपानें उतरली, आणि तिच्यासाठीं त्यास रोख किंमत मोजावी लागली. तें ठिकाण म्हणजे अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराजवळचा हेन्री फोर्ड यांचा हायलंड पार्क येथील मोटारींचा कारखाना, आणि तो काळ १९१३–१४ चा. त्या प्रकरणाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

श्रमविभागाची कल्पना मुळांत फोर्ड यांची नव्हे. १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अ‍ॅडम स्मिथनें टांचण्यांच्या कारखान्याचें उदाहरण दिलें. दहा माणसांनीं कामाचे तुकडे वांटून घेतले, तर दिवसास ४८,००० टांचण्या तयार होतात; एकेकट्यानें सगळें काम करावयाचें म्हटलें तर वीसहि होण्याची मारामार. हें उदाहरण अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. परंतु त्याच ग्रंथाच्या पांचव्या भागांत स्मिथनें दुसरीहि एक गोष्ट लिहून ठेविली आहे, तिची आठवण क्वचितच होते. ज्याचें सारें आयुष्य एकदोन सोप्या क्रिया करण्यांत जातें, त्यास बुद्धि चालविण्याचा प्रसंगच येत नाहीं, व ती हळूहळू बोथट होते, असें त्याचें म्हणणें आहे. यावर त्यानें सुचविलेला उपाय गरिबांच्या मुलांसाठीं शाळांचा होता. काम बदलावें असें त्यासहि सुचलें नाहीं. एवंच, संपत्ति आणि तिचें मोल या दोन्ही बाजू पहिल्याच पुस्तकांत मांडलेल्या होत्या. फोर्ड यांनीं पहिली बाजू कळसास नेली, आणि त्यामुळें दुसरीहि आपोआप उघडी पडली.

फोर्ड यांच्या आरंभींच्या कारखान्यांत मोटारी बांधणारे लोक कसबी होते. फिटर, लोहार, कातारी असे हे कारागीर एका गाडीभोंवतीं जमत, भाग कानसून बसवीत, आणि संध्याकाळीं आपण काय केलें हें त्यांस डोळ्यांनीं दिसत असे. १९०८ सालीं ‘मॉडेल टी’ ही स्वस्त व मजबूत गाडी निघाली, मागणी वाढली, आणि १९१० सालीं हायलंड पार्कचा भव्य कारखाना सुरू झाला. १९१३ च्या वसंतांत तेथें मॅग्नेटो नांवाचा विजेची ठिणगी पाडणारा भाग जुळविण्याच्या कामावर पहिला प्रयोग झाला. एक मनुष्य तो भाग एकट्यानें सुमारें वीस मिनिटांत जुळवीत असे. त्या कामाचे २९ तुकडे करून माणसें ओळीनें उभीं केलीं, तेव्हां वेळ तेरा मिनिटें दहा सेकंदांवर आला. पुढें ओळीची उंची आठ इंच वाढविली, म्हणजे वांकावें लागूं नये, तों वेळ सात मिनिटांवर आला. वेग आणखी जुळवितां जुळवितां पांचावर आला. मग हीच रीत साऱ्या गाडीस लागू झाली. गाडीचा सांगाडा उभा करण्यास पूर्वीं साडेबारा तासांच्या जवळपास वेळ लागे, तो वर्षाच्या आंत दीड तासावर उतरला. शिकागोच्या कसाईखान्यांत टांगलेलें जनावर माणसांसमोरून पुढें सरकत जातें व प्रत्येक जण त्याचा एकेक भाग कापून काढतो. ही कल्पना तेथूनच सुचली, असें स्वतः फोर्ड यांनीं सांगितलें आहे. फरक इतकाच कीं, तेथें जनावराचे तुकडे होत, येथें कामाचे झाले.

या सुधारणेस मजुरांनीं दिलेलें उत्तर फार शांत होतें. ते निघून गेले. त्या सालीं डेट्रॉइटमध्यें नोकऱ्यांस तोटा नव्हता, आणि म्हणूनच मनुष्य आपली नावड पायांनीं व्यक्त करूं शकत होता. १९१३ सालीं सुमारें १४,००० जागा भरलेल्या राहाव्या म्हणून कंपनीस ५०,००० हून अधिक माणसें नेमावीं लागलीं. म्हणजे एका जागेवर वर्षांत तीन-चार माणसें येऊन गेलीं. कोणी चार दिवस राही, कोणी महिनाभर. काम इतकें सोपें कीं कोणासहि थोड्या वेळांत शिकवितां यावें. आणि इतकें सोपें म्हणूनच तें कोणास धरून ठेवीना. नवा मनुष्य नेमणें, त्यास जागेवर उभें करणें, तो गेला कीं पुन्हां तेंच, हा सारा खर्च शेवटीं हिशेबांत दिसूं लागला.

यावरचा उपाय ५ जानेवारी १९१४ रोजीं जाहीर झाला. नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला, आणि सुमारें सव्वादोन-अडीच डॉलरच्या रोजाऐवजीं पांच डॉलर देण्याचें ठरलें. बातमी फुटतांच कडाक्याच्या थंडींत दहा हजारांवर माणसें कारखान्याच्या दाराशीं जमलीं, आणि गर्दी आवरेना तेव्हां त्यांच्यावर बंबाचें पाणी सोडावें लागलें. वर्षभरांत माणसें सोडून जाण्याचें प्रमाण शेंकडा ३७० वरून ५४ वर उतरलें. या निर्णयानें हजारों कुटुंबांस बरें घर, पुरेसें अन्न व मुलांस शाळा मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. दारिद्र्य न पाहिलेल्या माणसानेंच तिला तुच्छ लेखावें.

परंतु पांच डॉलरमधील जवळजवळ अर्धा भाग वेतनाचा नसून नफ्याच्या वांट्याचा होता, आणि तो मिळविण्यास अटी होत्या. कंपनीनें त्यासाठीं एक स्वतंत्र खातें उघडलें. त्या खात्याचे तपासनीस मजुरांच्या घरीं जात. तो दारू पितो काय, शिल्लक टाकतो काय, घर स्वच्छ आहे काय, घरांत भाडोत्री ठेविले आहेत काय, याची चौकशी करीत. परदेशांतून आलेल्यांसाठीं इंग्रजीची शाळा निघाली. तिच्या समारंभांत विद्यार्थी आपापल्या देशाच्या पोषाखांत एका प्रचंड कढईंत उतरत, आणि अमेरिकन कपडे घालून बाहेर येत. आरंभीं ही योजना स्त्रियांस लागूहि नव्हती. काम ज्याला आपलें वाटत नव्हतें, त्याचें घरहि आतां पुरतें त्याचें उरलें नाहीं, असें कोणी म्हटल्यास तें अगदींच वावगें होणार नाहीं.

स्वतः फोर्ड यांस या प्रश्नाची जाणीव नव्हती असें मात्र नव्हे. १९२२ सालच्या आपल्या आत्मकथनपर ग्रंथांत त्यांनीं स्पष्ट म्हटलें आहे कीं, तेंच तेंच काम दिवसभर करीत राहण्याची कल्पना आपणांस भयंकर वाटते व आपणांस तें जमणार नाहीं. परंतु बहुसंख्य लोकांस विचार करावा लागणें हीच शिक्षा वाटते. पुराव्यादाखल त्यांनीं एका कामगाराची हकीकत दिली आहे. दांतेरी चाकें तेलांत हलवून टोपलींत टाकावयाचीं, एवढेंच त्याचें काम. आठ वर्षें त्यानें तें केलें, बरीच पुंजी जमविली, आणि दुसरें चांगलें काम देऊं केलें असतां तो तें घेईना. हकीकत खरी मानण्यास हरकत नाहीं. परंतु तिचा अर्थ फोर्ड लावतात तोच आहे काय? आठ वर्षें ज्याचे हातच कामास लागले, त्यास नव्या कामाची भीति वाटूं लागली असेल, किंवा त्याचें खरें आयुष्य कारखान्याबाहेर कोठें तरी रुजलें असेल. मनुष्य काम सोडीत नाहीं, यावरून तें त्यास आवडतें असें सिद्ध होत नाहीं. १९२९ नंतरच्या मंदींत कोणी नोकरी सोडीत नव्हता. म्हणून त्या वर्षीं सर्वांस आपलें काम प्रिय झालें होतें, असें कोण म्हणेल?

येथें उलट बाजूचाहि विचार केला पाहिजे. यंत्रापूर्वीं सारे कारागीर सुखी होते, असें समजणें हा एक गोड भ्रम आहे. आमच्या गांवगाड्यांतील सुतार, लोहार, कुंभार यांस आपली वस्तु आरंभापासून शेवटपर्यंत घडवितां येत असे, आणि ती कोणाच्या शेतांत वा घरांत वापरली जाणार हेंहि ठाऊक असे. सांवता माळी आणि गोरा कुंभार यांचीं नांवें त्यांच्या धंद्यासह लोकांच्या तोंडीं राहिलीं, यांत त्या कामाविषयींचा कांहीं आदर निश्चित आहे. परंतु तो धंदा कोणीं निवडलेला नव्हता. जन्मानें तो गळ्यांत पडे. ज्यांच्या वांट्यास मेलेलीं जनावरें ओढण्याचें काम आलें, त्यांस कामांतील अर्थ समजावून सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. कामांत कौशल्य असावें हें जितकें खरें, तितकेंच तें करणाऱ्याच्या इच्छेनें घेतलेलें असावें हेंहि खरें. जुन्या गांवांत पुष्कळांस पहिलें लाभे, दुसरें लाभत नसे. हायलंड पार्कमध्यें दार उघडें होतें, पण आंत कौशल्य उरलें नव्हतें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. पांच डॉलर हा आंकडा नवा होता तोंवर त्याची जादू चालली. इतरांनींहि मजुरी वाढविल्यावर ती ओसरली. १९४१ सालीं संपानंतर फोर्ड यांस मजूरसंघ मान्य करावा लागला. १९७२ सालीं ओहायो राज्यांतील लॉर्ड्सटाऊन येथें जनरल मोटर्सच्या तरुण कामगारांनीं जो संप केला, त्यांत मुख्य तक्रार पगाराची नव्हती, कामाच्या वेगाची होती. १९७४ सालीं स्वीडनमधील काल्मार येथें व्होल्वो कंपनीनें सरकती ओळच मोडून लहान गटांकडे काम सोपविण्याचा धाडसी प्रयोग केला. तो कारखाना १९९४ सालीं बंद झाला. परंतु काम माणसाप्रमाणें बेतावें, माणूस कामाप्रमाणें नव्हे, हा विचार कोणी तरी लोखंडांत उतरवून पाहिला, एवढें श्रेय त्यास आहेच.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं कारखान्याची ओळ पाहिलेलीहि नसेल. परंतु कामाचे तुकडे कचेरींतहि झाले आहेत. संगणकासमोर बसून एकाच प्रकारच्या नोंदी करणाऱ्यास आपली नोंद कोणाच्या उपयोगी पडली हें क्वचितच कळतें. आणि त्याची समजूत काढण्याची आपली रीतहि फोर्ड यांचीच आहे: पगार चांगला आहे ना, मग झालें. मुलाच्या धंद्याचा विचार करतांना आपण पगार, सुट्ट्या आणि निवृत्तिवेतन विचारतों. हे प्रश्न रास्त आहेत. मात्र त्या कामांत त्यास स्वतःची बुद्धि किती चालवितां येईल, आणि तें न आवडल्यास सोडतां येईल काय, हे दोन प्रश्न त्यांच्या जोडीस असावे, असें आम्हांस वाटतें.

हेन्री फोर्ड लहानपणीं घड्याळें उघडून दुरुस्त करीत, आणि तो नाद त्यांचा जन्मभर सुटला नाहीं. वयाची साठी उलटल्यावर त्यांनीं डियरबॉर्न येथें एक गांव वसविलें, आणि देशांतून शोधून आणलेल्या जुन्या कार्यशाळा, लोहारांच्या भट्ट्या व गिरण्या तेथें जशाच्या तशा उभ्या केल्या. १९२९ सालीं त्याचें उद्घाटन झालें. आजहि लोक तें पाहण्यास जातात. ज्या कामांत हात आणि डोकें एकत्र चालत असे, तें काम जतन करण्यासारखें आहे, हें त्या कारखानदारास उमगलें होतें, हें उघड आहे. मात्र तें त्यांनीं आपल्या कारखान्यांत न ठेवितां संग्रहालयांत ठेविलें.