अपंग मुलांचे उद्योगशिक्षण : माझगावपासून पिंपरीपर्यंत



महोत्सवाच्या स्मरणिकेत मंदिराच्या पायाभरणीची, धर्मगुरूंच्या नेमणुकांची व देणगीदारांची हकीकत यावी, अशी रीत आहे. आणि ती ह्या पुस्तिकेत अन्यत्र आलेली आहेच. प्रस्तुत लेखात आम्ही एक निराळाच इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत. जी मुले डोळ्यांनी, कानांनी, हातापायांनी अथवा बुद्धीने अधू आहेत, त्यांस नुसते सांभाळून न ठेवता काही उद्योग शिकवावा, त्यांनी स्वतःचे मिळवून खावे व जगात आपले आपण वावरावे, ह्यासाठी आपल्या प्रांतात जी खटपट झाली, तिचा हा इतिहास आहे.

हा विषय निवडण्याचे कारण उघड आहे. संत तुकाराम नगर व आसपासच्या वसाहतींत अशी मुले असलेली घरे आहेत. मूल लहान असते तोवर आई त्यास शाळेत पोहोचविते. तेथे शिक्षिका असतात, सोबती असतात, दिवसाला काही घडी असते. पुढे मूल अठरा वर्षांचे होते, शाळा संपते, आणि तो धडधाकट वयाचा मुलगा किंवा ती मुलगी घरात बसून राहते. आईबाप म्हातारे होत जातात व त्यांच्या मनास एकच घोर लागतो : ‘आमच्या मागे ह्याचे कसे व्हायचे?’ हा प्रश्न नवा नाही. तो पूर्वीही विचारला गेला, व त्याची उत्तरे शोधणारे लोकही झाले.

माझगावची शाळा

पूर्वी आपल्याकडे आंधळा, पांगळा अथवा मुका मनुष्य दिसला म्हणजे त्याच्या हातावर काही घालावे, ह्यापलीकडे समाजाची कल्पना जात नसे. लोक निर्दय होते असे नव्हे. परंतु अशा मनुष्यास काही शिकविता येईल, ही गोष्टच कोणाच्या मनास शिवत नव्हती.

ह्या समजुतीस हिंदुस्थानात ज्यांनी प्रथम धक्का दिला, त्यांत मुंबईचे कॅथॉलिक महागुरू लिओ म्यूरिन हे येशूसंघीय अग्रगण्य होत. त्यांच्या प्रयत्नाने १८८५ च्या सुमारास मुंबईस मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. ती पुढे माझगावास नांदली. हिंदुस्थानातील बहिऱ्यांची पहिली शाळा म्हणून तिची गणना होते. मुके मूल बहुधा मुके नसतेच. त्यास ऐकू येत नाही, म्हणून ते बोलावयास शिकत नाही, एवढेच. आणि कानाचे काम डोळ्यांकडून करून घेतले, तर त्याच्या बुद्धीस वाट मिळते. ही गोष्ट आज लहान वाटते, परंतु त्या काळी ती नवी होती.

ह्या शाळेने शिक्षणाचे दार उघडले. परंतु शिक्षण झाल्यावर पोटाचे काय, हा पुढचा प्रश्न लवकरच उभा राहिला.

दादर आणि केडगाव

त्या प्रश्नास दुष्काळाने अधिकच तीव्र केले. १८९६–९७ व १८९९–१९०० ह्या दोन दुष्काळांनी असंख्य मुले पोरकी केली. त्यांत कित्येक आंधळी होती. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनी १९०० साली मुंबईस अंध मुलांची शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. १९०२ साली मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली.

आपल्या पुणे जिल्ह्यात हे काम पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात केडगावी झाले. तेथे आश्रयास आलेल्या स्त्रियांत अंध मुली व बायका होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ह्यांनी त्यांस ब्रेल लिपी शिकविली, आणि वाचनाबरोबर टोपल्या विणणे, वेताचे काम करणे असे हातउद्योगही त्यांच्या हाती दिले. मनोरमाबाई १९२१ साली व रमाबाई १९२२ साली निवर्तल्या. परंतु अंध स्त्रीने नुसते सांभाळले जावे असे नसून तिने काम करावे, हा त्यांचा आग्रह मागे राहिला.

वेताचे कामच का निवडले गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ह्या कामास डोळ्यांपेक्षा बोटे अधिक लागतात. हत्यारे थोडी, धोका कमी. शिवाय त्या काळी कचेऱ्यांतून व बंगल्यांतून वेताच्या खुर्च्यांस फार चलन होते, व बसून बसून त्या फाटत, म्हणून विणणाऱ्यास काम मिळत राही. अर्थात उद्योग निवडताना दोन गोष्टी पाहिल्या गेल्या : शिकणाऱ्याच्या शक्तीत काय आहे, आणि बाजारात कशास मागणी आहे. पुढे लोखंडी व प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि वेताचा धंदा बसत गेला. तरीही कित्येक ठिकाणी अंधांस वेतकामच शिकविणे चालू राहिले. पहिली गोष्ट ध्यानात राहिली, दुसरीचा विसर पडला.

खडकीचे विद्यालय

आता आपल्या अगदी शेजारी येऊ. पिंपरीहून लोकलगाडीत बसले म्हणजे कासारवाडी, दापोडी व मग खडकी. ह्या खडकीस क्वीन मेरी ह्यांच्या नावाची, अपंग सैनिकांस उद्योग शिकविणारी संस्था आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई हजारोंनी परमुलखात लढले; कोणाचा हात गेला, कोणाचा पाय. त्यांच्यासाठी मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन ह्यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईस हे विद्यालय निघाले, व १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते खडकीस आले. शतकाहून अधिक काळ जायबंदी जवान तेथे धंदेशिक्षण घेत आले आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यासच सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. एका ठिकाणी पाय मिळावा व दुसऱ्या ठिकाणी धंदा, अशी सोय ह्या एका शहरात झाली.

खडकीच्या ह्या इतिहासात एक मर्म आहे. सैनिकाने देशाच्या कामी आपला अवयव गमावला, म्हणून त्यास उद्योग शिकविणे हा त्याच्यावर उपकार होय, असे कोणी म्हटले नाही. ते सरकारचे ऋण मानले गेले. परंतु जे मूल जन्मतःच अधू आहे, अथवा ज्यास बालपणी पोलिओने गाठले, त्याचे समाज काय देणे लागतो? ह्या मुलास जे मिळे ते दया म्हणूनच मिळे. दया आज असते, उद्या नसते. ऋण मात्र फेडावेच लागते. पुढील सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास म्हणजे अपंग मुलाचे शिक्षण दयेच्या खात्यातून काढून ऋणाच्या खात्यात मांडण्याचा इतिहास होय.

स्वातंत्र्यानंतर

स्वराज्य आल्यावर ह्या कामास वेग आला. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरली. १९५२ साली मुंबईस अंधांसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९५९ साली मुंबईस अपंगांकरिता विशेष सेवायोजन कार्यालय निघाले, आणि १९६८ साली तेथेच केंद्र सरकारने व्यवसाय पुनर्वसन केंद्र उघडले. उमेदवारास कोणते काम जमेल ते तपासून पाहणे व मग तशी नोकरी शोधणे, असे त्याचे स्वरूप होते.

बुद्धीने मंद असलेल्या मुलांकडे लक्ष सर्वांत उशिरा गेले. १९४४ साली मुंबईस वकील नावाच्या पारशी दांपत्याने आपल्या जय ह्या मुलीच्या निमित्ताने अशी शाळा काढली. तीच जय वकील शाळा. पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ निघाली. ह्या शाळांस लवकरच अनुभव आला की, मुले मोठी होतात, परंतु त्यांस जाण्यास जागा नसते. म्हणून शाळेला जोडून कार्यशाळा काढाव्या लागल्या.

ह्याच काळात आपली उद्योगनगरी उभी राहत होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पुढील दशकात औद्योगिक महामंडळाच्या जमिनीवर कारखाने आले, १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि मग चाकणपर्यंत यंत्रांची रांग लागली. ह्या नगरीतील एक उदाहरण सर्वांस ठाऊक असावे. श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले, व १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारतास वैयक्तिक सुवर्ण मिळाले ते हेच पहिले. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. ह्या पदकाची कथा लोक आवडीने सांगतात. पण त्यांनी टेल्कोत नोकरी केली, हे क्वचितच सांगितले जाते. आम्हांस ती नोकरी पदकाइतकीच मोलाची वाटते. कारण पदक हजारांत एकास मिळते, नोकरी पुष्कळांस मिळू शकते.

कायद्याची भाषा

१९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा केला. त्याने अपंग मुलास अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा दिल्या. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व अथवा बहुविध अपंगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीस कायदेशीर पालक नेमण्याची सोय त्यात आहे. ‘आमच्या मागे कोण?’ ह्या आईबापांच्या प्रश्नास राज्याने दिलेले हे पहिले लेखी उत्तर होय. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, राखीव जागा चार टक्के केल्या, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, असे सांगितले. वीस अथवा अधिक माणसे कामास असलेल्या खासगी कारखान्यानेही अपंगांच्या भरतीकडे पाहण्यास एक अधिकारी नेमावयाचा आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत अशा आस्थापना किती असतील, ह्याचा वाचकांनी विचार करावा.

अशा रीतीने दयेचे ऋण झाले. परंतु ऋण कागदावर मान्य होणे निराळे व हाती पडणे निराळे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने शाळांवरच असे बंधन घातले की, अपंग विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या पुढील कामाची व राहणीची योजना तयार असावी. आपल्याकडे ही खटपट पुष्कळदा एखाद्या तळमळीच्या शिक्षिकेवर व थकलेल्या आईबापांवर येऊन पडते.

आता आपले काम

इतिहास वाचावयाचा तो पुढची वाट दिसावी म्हणून. ह्या इतिहासातून आम्हांस तीन गोष्टी दिसतात.

पहिली ही की, उद्योग बाजार पाहून शिकवावा. कार्यशाळांतून मेणबत्त्या व पणत्या होतात, आणि आपण नाताळात त्या घेतो. हे चांगलेच आहे. परंतु जानेवारी उजाडला म्हणजे काय? आपल्या भोवती वर्षाचे बारा महिने सुटे भाग मोजले जातात, खोक्यांत भरले जातात, तपासले जातात. ज्या मुलास दहापर्यंत मोजता येत नाही, त्याच्यापुढे दहा खणांची पेटी ठेवावी. प्रत्येक खणात एक नग घातला की मोजणी बिनचूक होते. गोंगाटाच्या शेडमध्ये बहिऱ्या कामगारास गोंगाटाचा त्रास नाही. मात्र धोक्याच्या भोंग्याबरोबर दिवाही लागला पाहिजे. बदल लहान असतो. तो सुचणारा मनुष्य जवळ असावा लागतो.

दुसरी ही की, धंद्याच्या अगोदर वावरणे शिकवावे. घड्याळ पाहणे, पैसे मोजून परत घेणे, एकट्याने बसने जाणे, बँकेत सही करणे, अंगास कोणी वाईट हात लावला तर ओरडून नाही म्हणणे, दुखत असेल ते सांगता येणे. उत्तम काम येणारा मुलगा रस्ता ओलांडता येत नाही म्हणून घरी राहतो, ही हानी आम्हांस फार मोठी वाटते. आता संत तुकाराम नगरास मेट्रोचे स्थानक आहे, त्यास उद्वाहक आहे; त्या स्थानकावर आपल्या मुलास दहा वेळा सोबत न्यावे व अकराव्या वेळी दोन पावले मागे राहावे.

तिसरी ही की, पलीकडे कोणी तरी वाट पाहत असावे. शाळेने शिकविले, परंतु काम देणारा नसेल, तर शिक्षण वाया जाते. आपल्या धर्मग्रामात कारखान्यांत देखरेखीच्या जागी असलेले, भरतीच्या खात्यात असलेले, स्वतःचा लहान धंदा असलेले पुष्कळ बंधू आहेत. प्रत्येकाने आपल्या ठिकाणी एका जागेची चौकशी केली, व पहिले तीन महिने त्या मुलाशेजारी उभे राहून काम दाखविणारा एक स्वयंसेवक दिला, तरी काही घरांतील घोर हलका होईल. कागदपत्रांस दूर जावे लागत नाही : अपंगत्वाच्या दाखल्याची तपासणी आपल्याच वसाहतीतील यशवंतराव चव्हाण रुग्णालयात होते, आणि मोरवाडीस महानगरपालिकेचे दिव्यांग भवन आहे. ज्यांस अर्ज भरता येतो, त्यांनी न येणाऱ्यांबरोबर जावे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात जन्मापासून पांगळा असलेला एक मनुष्य आहे. त्याचे वय चाळिसाहून अधिक होते. त्यास लोक रोज उचलून आणीत व मंदिराच्या सुंदर नावाच्या दरवाजाशी भीक मागण्यास ठेवीत. हे लोक दुष्ट नव्हते. रोज ओझे वाहणारे मित्रच होते ते. परंतु त्यांच्या मायेने तो चाळीस वर्षे दाराबाहेरच राहिला. पेत्राने त्यास नाणे दिले नाही. उजवा हात धरून उठविले, आणि तो इतरांबरोबर आत गेला.

आपल्या मुलांस आपण उचलून नेत आहोत की हात धरून उठवीत आहोत, हे ह्या महोत्सवी वर्षात प्रत्येक घराने व सबंध धर्मग्रामाने पाहावे. परमेश्वर आपणांस ती बुद्धी व तो धीर देवो.