जॅकेट धक्क्यावरच घाला : ‘नीलकमल’चा घटनाक्रम

सुट्टी लागली की निपाणीतून गाड्या निघतात त्या तारकर्लीला, गोव्याला. मुंबईला गेलेले पाहुणे गेटवेवरून घारापुरीची लाँच धरतात. 18 डिसेंबर 2024 च्या बुधवारी अशाच पर्यटकांना घेऊन निघालेल्या ‘नीलकमल’चं काय झालं, ते वेळेच्या क्रमानं वाचा. टक्कर टाळणं प्रवाशांच्या हातात नव्हतं. तिच्या आधीच्या चाळीस मिनिटांत मात्र बरंच काही करता आलं असतं.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास
लाँच गेटवेहून सुटते. परवाना 84 प्रवासी आणि 6 कर्मचाऱ्यांचा, पण बसलेत शंभरावर लोक. तासाभराचा प्रवास आहे. अंगात लाइफ जॅकेट नसतानाच निघालो, असं बचावलेल्या प्रवाशांनी नंतर सांगितलं.

साडेतीन ते पावणेचार
धक्क्यावर राहून गेलं असेल, तरी जॅकेट अजून घालता येतं. ते डोक्यातून घालायचं, पुढचा बकल लावायचा, कमरेचा पट्टा घट्ट ओढायचा. लहान मुलाच्या जॅकेटला मांड्यांमधून येणारा पट्टा असतो, तोही बांधायचा; नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

चारला काही मिनिटं कमी
नौदलाची एक स्पीडबोट जवळपास वेगानं वळणं घेत असते. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू आहे. लाँचवरचा एक प्रवासी मोबाईलवर चित्रण करतो.

3 वाजून 55 मिनिटं
स्पीडबोटीवरचा ताबा सुटतो आणि बुचर बेटाजवळ ती थेट ‘नीलकमल’वर आदळते.

पुढची काही मिनिटं
लाँचमध्ये पाणी शिरतं. जॅकेट घाला, असं आता सांगितलं जातं. पण लाँच कलायला लागली आहे, आरडाओरडा सुरू आहे. अशा वेळी जॅकेट शोधायचं कुठं, आणि थरथरत्या हातांनी लेकराचा पट्टा बांधायचा कसा? बरेच जण जॅकेटविनाच पाण्यात पडतात. पोहता येणारे पंधरा-पंधरा मिनिटं हातपाय मारत राहतात.

चारनंतर
आसपासच्या बोटी धावून येतात. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची गस्ती बोट पोहोचते, तेव्हा बुडत्या लाँचवरचे काही आईबाप मुलांना समुद्रात टाकण्याच्या बेतात असतात. तशी तरी ती वाचतील, या आशेनं. जवान त्यांना थांबवतात आणि आधी मुलांना आपल्या बोटीत घेतात. नौदलाच्या 11 बोटी आणि 4 हेलिकॉप्टर, तटरक्षक दल, सागरी पोलीस, सगळे शोधाला लागतात.

संध्याकाळी साडेसात
तोवरच्या माहितीनुसार मृतांचा आकडा 13 आहे, असं मुख्यमंत्री सांगतात. त्यांत 10 प्रवासी आणि स्पीडबोटीवरचे तिघे.

19 डिसेंबर
गेटवेवर प्रत्येक प्रवाशाला जॅकेट सक्तीचं होतं. जॅकेटं मिळतात, लोक घालतात, लाँचा सुटतात. आदल्या दिवशीही हे इतकंच सोपं होतं.

21 डिसेंबर
बेपत्ता असलेल्या सात वर्षांच्या मुलाचा मृतदेह सापडतो. बळींची संख्या 15 होते.

टक्करीचा दोष स्पीडबोटीकडे जातो. पण बोटीला धोका फक्त धडकेचाच नसतो. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. कारणं वेगवेगळी असतील, पण पाण्यात पडलेल्या माणसाची गरज एकच : तोंड पाण्यावर राहणं. चांगलं जॅकेट, नीट बांधलेलं असेल, तर शुद्ध हरपलेल्या माणसाचंही तोंड वर धरतं. बाकाखाली रचून ठेवलेलं जॅकेट कुणालाच वाचवत नाही.

म्हणून पुढच्या सहलीला धक्क्यावरच तीन गोष्टी बघा. बोटीवर लिहिलेली प्रवासीसंख्या आणि चढलेली माणसं जुळतात का? मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का? बकल आणि पट्टे शाबूत आहेत का? मगच जॅकेट घालून चढा आणि पलीकडच्या धक्क्यावर पाय ठेवेपर्यंत ते काढू नका. जॅकेट नाही म्हणाले, तर तिकिटाच्या पैशांवर पाणी सोडा, पण त्या बोटीत पाय ठेवू नका.