'खुद्री' आणि 'मसुल्ला' : दख्खनच्या दोन मत्स्यनामांचा इतिहास

मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून दख्खनभर हिंडलेल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ साली येथील मत्स्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील अनेक जातींना त्याने लॅटिन नावे न शोधता कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच दिली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला महाशीर 'खुद्री' झाला, आणि शिरूरजवळच्या घोड नदीतील दुसरा एक मोठा मासा 'मसुल्ला'. लोकभाषेवरील हा विश्वास स्तुत्य खरा. परंतु साइक्सचे मूळ नमुने पुढील संशोधकांस उपलब्ध नसल्याने केवळ त्रोटक वर्णनावर भिस्त ठेवावी लागली, आणि येथेच घोटाळ्याचे बीज पडले.

कावेरीच्या पात्रात पाठीस उंच कुबड असलेला एक प्रचंड महाशीर आढळतो. १८७३ साली हेन्री सलिव्हन टॉमस याच्या मत्स्यमृगयेवरील ग्रंथाने दक्षिणेतील महाशिरांस जगभर कीर्ती मिळवून दिली. शौकिनांना हा मासा अचूक ओळखता येई, पण शास्त्राजवळ त्याला स्वतंत्र नाव नव्हते. विसाव्या शतकात काही मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यास साइक्सचा 'मसुल्ला' ठरविले. वस्तुतः साइक्सचा 'मसुल्ला' महाशीरवर्गातील नसून निराळ्याच प्रजातीतील आहे, असे २०१३ साली प्रतिपादण्यात आले.

दरम्यान खुद्रीचे नशीब वेगळ्या वाटेने चालले होते. हा मासा वाहत्या, खडकाळ पात्राचा. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढून गोट्यांच्या उथळ तळावर अंडी घालतो. धरणांनी ही वाट अडविली, आणि सुरुंग व विष यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीने डोह ओस पडले. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंडीसारख्या ठिकाणी देवीच्या धाकाने महाशीर टिकून राहिला. अन्यत्र असे संरक्षण विरळाच. १९७०च्या दशकापासून लोणावळ्यास, टाटांच्या वीजप्रकल्पाच्या वळवण तलावावर, खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी होऊ लागले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे त्यासंबंधीचे कार्य मूलगामी होय. तेथील मत्स्यबीज दूरदूरच्या जलाशयांत सोडण्यात आले. ते कावेरीतही गेले.

या उपक्रमामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि १९९८ ते २०१२ या काळातील गळकऱ्यांच्या नोंदी तपासता कावेरीत खुद्रीची संख्या वाढत गेली व कुबडा महाशीर झपाट्याने ओसरला, असे २०१५ साली दाखविण्यात आले. ज्या माशाला मान्य नावच नाही, त्याची धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत नोंद तरी कशी व्हावी? एका जातीच्या संरक्षणाच्या उत्साहात दुसरीचा ऱ्हास ध्यानी आला नाही, याचे निदान अर्धे उत्तर तरी या नामगोंधळात सापडते.

अखेर २०१८ साली कावेरीच्या मोयार या उपनदीतील नमुन्यांवरून हा मासा म्हणजे केरळातील पांबार नदीतून पूर्वीच वर्णिलेली 'टॉर रेमादेवी' ही जात असल्याचे सिद्ध झाले. पाठोपाठ आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने तिला अतिसंकटग्रस्त ठरविले. त्याच सुमारास, पूर्वी संकटग्रस्त गणलेल्या खुद्रीस 'किमान चिंता' या वर्गात घालण्यात आले. मात्र ज्या मुळा-मुठेत साइक्सला ती मिळाली, तिचे पुण्याखालील पात्र आज शहराच्या सांडपाण्याने भरलेले आहे.