काळी, पांढरी आणि किल्लारी

इतिहासाच्या पुस्तकात गावाला जागा मिळायची असेल तर तिथे किल्ला तरी लागतो, नाहीतर लेणी. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात दोन्ही आहेत. औशाचा भुईकोट किल्ला आणि खरोशाची लेणी. त्याच तालुक्यातल्या किल्लारीकडे यातले काही नव्हते. ती एका पहाटे इतिहासात गेली, तीही मेलेल्यांच्या आकड्यासह.

तेरणेच्या खोऱ्यातले हे शेतकऱ्यांचे गाव. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राजवटीत, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. जिल्हा उस्मानाबाद होता; 1982 साली लातूर वेगळा निघाला. सरकारे बदलली, दप्तराची उर्दू जाऊन मराठी आली, पण गाव जागचे हलले नाही.

आमच्याकडे गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाते. पिकते ती काळी, माणूस राहतो ती पांढरी. काळीखाली बेसॉल्टचा काळा पाषाण. किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी भोक पाडले तेव्हा त्याचा थर सुमारे 338 मीटर जाडीचा निघाला. दगड फुकटचा, पांढरीची माती फुकटची. म्हणून दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. अशा घरात राहणे म्हणजे प्रतिष्ठा. कुडाच्या झोपडीत राहणाऱ्याला गरीब म्हणायचे.

1992 च्या ऑगस्टपासून जमीन गुरगुरू लागली. ऑक्टोबरात मोठा हादरा बसला. लोक बाहेर झोपू लागले. पुढे धक्के थांबले आणि भीतीही ओसरली. 1993 मध्ये गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले आणि 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. तीव्रता सहाच्या वर. किल्लारीसह लातूर-उस्मानाबादेतली अनेक गावे कोसळली, सुमारे आठ हजार माणसे गेली. वर पाऊस. सरणाला लाकडे पुरेनात. धरणीने कुणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. मारले मात्र भिंतींनी. ज्याच्या छपराला वजन नव्हते, त्या झोपडीतला गरीब पुष्कळदा वाचला.

मग पुनर्वसन आले. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि संस्थांच्या मदतीतून 52 गावे नव्या जागी उभी राहिली. शेतजमिनी घेऊन काळीवर पांढरी वसवली गेली. सरळ रस्ते, सुटी सुटी घरे. आणि घराचे माप ठरले जमिनीवरून: भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला 750. मराठवाड्याच्या गावगाड्यात मुलाणी, आतार, मणियार, पिंजारी ही माणसे कुणब्या-मराठ्यांच्या, महारा-मांगांच्या सोबतीने राहिली. त्यांच्यातल्या कितीकांकडे सातबारा नव्हताच. जुन्या गावातली विषमता पिढ्यानपिढ्या घडत आली होती. नव्या गावात ती नकाशावर आखून मिळाली. धरणीने जे विचारले नाही, ते कागदाने विचारले.

आम्ही नव्या घरांना नावे ठेवत नाही. ती भूकंपाला टिकतील, आणि जीव वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. पण जुनी गल्ली इतकी अरुंद होती की ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ उंबऱ्यावरूनच पोचे. रुंद रस्त्यावर तो पोचवायला मुद्दाम निघावे लागते.

दरवर्षी 30 सप्टेंबरला जुन्या गावाच्या जागी स्मृतिस्तंभाजवळ माणसे जमतात, मृतांना आदरांजली वाहतात. सरकारी दप्तरात किल्लारीचा इतिहास एका पहाटेचा आहे. त्याआधीची कित्येक शतके त्या पांढरीत गाडलेली आहेत. ती सांगणारे म्हातारे आता थोडेच उरले. त्यांच्याजवळ बसायला आपण कधी जाणार?