मनरोव्हिलचा दंड व गावाची तिजोरी

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या मनरोव्हिल या लहान गावी वाहतुकीच्या गुन्ह्यांचा निवाडा गावाचा मेयर करीत असे. गावाच्या जमाखर्चास तोच जबाबदार असे. १९६४ साली गावाच्या सुमारे ४६,३५५ डॉलर उत्पन्नापैकी २३,५८९ डॉलर या न्यायालयातील दंड व शुल्क यांतून आले होते. दोन गुन्ह्यांबद्दल प्रत्येकी ५० डॉलर दंड झालेल्या एका वाहनचालकाने या व्यवस्थेस आव्हान दिले. अपिलात नव्याने सुनावणी मिळते, हा गावाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली अमान्य केला; आरोपीस पहिल्याच पायरीवर निःपक्षपाती न्यायाधीश मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. म्हणून ग्रामीण न्यायालयाचे दप्तर अभ्यासताना दंड कोणी ठोठावला याबरोबरच तो कोणाच्या तिजोरीत जमा झाला, हेही पाहणे अगत्याचे आहे.